गोरिलाचं अंग, पाणबुड्याचं डोकं : स्वस्त राक्षसपटांच्या आस्वादाची प्रस्तावना

लॉस एंजलिसच्या ग्रिफिथ पार्कात ब्रॉन्सन कॅनियन नावाची एक जुनी दगडखाण आहे. १९५३ साली पडद्यावर आलेल्या एका सिनेमात तिथल्या बोडक्या टेकाडांवरून एक राक्षस भर उन्हात चढउतार करताना दिसतो. अंग गोरिलाचं, केसाळ आणि ढेरपोटं. मानेवर मात्र पाणबुड्यासारखं गोल शिरस्त्राण आणि त्यावर अँटेना. हा रो-मॅन. त्यानं पृथ्वीवरची जवळपास सगळी माणसं संपवली आहेत. आठ उरली आहेत आणि त्या आठांना शोधून मारणं हे त्याचं काम आहे. गुहेच्या तोंडाशी त्याचं मुख्यालय : एक टेबल, त्यावर संदेशाचं यंत्र आणि अखंड साबणाचे फुगे सोडणारं एक मशीन. हे फुग्यांचं मशीन कुणाचं, याची श्रेयनामावलीत स्वतंत्र नोंद आहे.

सिनेमाचं नाव ‘रोबॉट मॉन्स्टर’. दिग्दर्शक फिल टकर तेव्हा पंचविशीत होता. हाती साधारण १६ हजार डॉलर आणि चित्रीकरणाला चार दिवस. यंत्रमानवाचा पोशाख शिवून घेणं एवढ्या पैशांत बसत नव्हतं. जॉर्ज बॅरोज हा नट टकरच्या ओळखीचा होता आणि त्याच्याकडे स्वतःचा गोरिलाचा पोशाख होता. तो घालून हॉलिवूडमध्ये तो गोरिलाच्या भूमिका करत असे. त्या पोशाखावर शिरस्त्राण चढवलं आणि राक्षस उभा राहिला. सिनेमा त्या वेळच्या लाटेप्रमाणे थ्री-डीमध्ये चित्रित झाला. संगीत दिलं एल्मर बर्नस्टीननं. डाव्या विचारांच्या संशयामुळे मोठ्या स्टुडिओंनी त्याला तेव्हा लांब ठेवलं होतं. पुढे ‘द टेन कमांडमेंट्स’ (१९५६) आणि ‘द मॅग्निफिसंट सेव्हन’ (१९६०) यांचं संगीत करणाऱ्या या माणसानं रो-मॅनच्या टेकडी चढण्यालाही तितकंच भारदस्त संगीत दिलं.

आज हा सिनेमा पाहताना हसू येतंच. पण तासाभराचा खेळ संपेपर्यंत कुणी उठत नाही. उरलेल्या आठांतली एक तरुणी रो-मॅनला आवडू लागते. मारायचा हुकूम आहे आणि मारवत तर नाही, अशा कात्रीत तो सापडतो आणि केसाळ हात हलवत ती कोंडी मोठ्यानं बोलून दाखवतो. बघणाऱ्याला हसता हसता त्याची दया येते. हसू आणि दया ज्या ठिकाणी एकत्र येतात, त्या ठिकाणाचा शोध घ्यायला ही प्रस्तावना आहे.

आधी थोडी सीमा आखून घ्यायला हवी. बहुतेक वाईट सिनेमे नुसतेच वाईट असतात. ते कंटाळवाणे, आळशी, कुणाच्या तरी नकलेतून आलेले असतात आणि दुसऱ्या दिवशी आठवतही नाहीत. ‘इतका वाईट की चांगला’ हा मान फार थोड्यांना मिळतो. तो मिळालेल्या राक्षसपटांत तीन गोष्टी हमखास सापडतात. एक, करणाऱ्यानं काम मनापासून केलेलं असतं. दोन, त्याची इच्छा त्याच्या खिशापेक्षा पुष्कळ मोठी असते : गोष्ट पृथ्वीच्या विनाशाची आणि जवळ पैसे एका पोशाखाचे. आणि तीन, राक्षस दाखवायची वेळ आली की तो मागे सरत नाही. अंधार, धूर, सावली यांच्या आड लपण्याची सोय असतानाही तो आपला राक्षस उजेडात आणून उभा करतो. या तिन्ही गोष्टी जुळल्या की चूकसुद्धा बघण्यासारखी होते, कारण त्या चुकीत माणूस दिसतो.

असे सिनेमे अमेरिकेत १९५०च्या दशकात एवढ्या संख्येनं का निघाले, याला सरळ व्यावहारिक कारण आहे. मे १९४८मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं पॅरामाउंट खटल्याचा निकाल दिला. मोठ्या स्टुडिओंना स्वतःच्या मालकीची थिएटरं सोडावी लागली आणि थिएटरवाल्यांच्या गळ्यात सिनेमांचे गठ्ठे बांधण्याची पद्धत बंद झाली. जोडीला टीव्ही आला आणि कुटुंबं घरात बसली. स्टुडिओंनी स्वस्त, दुय्यम सिनेमे काढणं कमी केलं. थिएटरवाल्यांना मात्र एका तिकिटात दोन सिनेमे दाखवायची सवय होती आणि त्यातला दुसरा सिनेमा कुठून तरी आणावाच लागत होता. त्याच सुमारास मोटारीत बसून सिनेमा बघण्याची ड्राइव्ह-इन थिएटरं गावोगाव उभी राहिली. १९५८पर्यंत त्यांची संख्या चार हजारांवर गेली. तिथं येणारं गिऱ्हाईक तरुण होतं. त्याला रात्र मजेत घालवायची होती आणि पडद्यावर काहीतरी मोठं, भयंकर हवं होतं. १९५२मध्ये ‘किंग काँग’ पुन्हा प्रदर्शित होऊन जोरात चालला. पुढच्याच वर्षी ‘द बीस्ट फ्रॉम ट्वेंटी थाउजंड फॅदम्स’नं तिजोरी भरली आणि १९५४मध्ये महाकाय मुंग्यांचा ‘देम!’ आला. राक्षसाला बाजार आहे, हे सगळ्यांना कळलं.

ही नस अचूक पकडली जेम्स निकल्सन आणि सॅम्युएल आर्कॉफ यांनी. त्यांनी १९५४मध्ये सुरू केलेली कंपनी पुढे अमेरिकन इंटरनॅशनल पिक्चर्स या नावानं ओळखली जाऊ लागली. त्यांच्याकडे क्रम उलटा होता : आधी नाव सुचायचं, मग पोस्टर रंगवलं जायचं, थिएटरवाल्यांना ते पसंत पडलं की मग पटकथा लिहायला माणूस बसायचा. या क्रमातून काय होतं, याचं उत्तम उदाहरण म्हणजे ‘द बीस्ट विथ अ मिलियन आइज’ (१९५५). पोस्टरवर डोळ्यांनी भरलेला अजस्र प्राणी. सिनेमात मात्र परग्रहावरून आलेली ती शक्ती अदृश्य. ती पृथ्वीवरच्या जनावरांच्या डोळ्यांतून बघते, म्हणून लाखो डोळे. कल्पना वाईट नव्हती. पण राक्षसच नाही म्हटल्यावर वितरक बिथरले. तेव्हा अगदी थोडक्या पैशांत आणि घाईघाईत एक हातभर उंचीचा प्राणी बनवून घेतला गेला. तो बनवणाऱ्याचं नाव पॉल ब्लेसडेल.

या साऱ्या पसाऱ्यात सर्वांत आधी ओळख करून घ्यावी असा माणूस म्हणजे हा ब्लेसडेल. विज्ञानकथांच्या मासिकांसाठी चित्रं काढणारा हा कलावंत टोपांगा कॅनियनमधल्या आपल्या घरी, बायको जॅकीच्या मदतीनं, लाकूड, फोम आणि लॅटेक्स वापरून राक्षस घडवायचा आणि बहुतेक वेळा त्यांच्या आत शिरून पडद्यावरचं कामही स्वतःच करायचा. ‘इट कॉन्कर्ड द वर्ल्ड’ (१९५६) या सिनेमासाठी त्याला शुक्रावरचा प्राणी करायचा होता. दिग्दर्शक रॉजर कॉर्मन स्टॅनफर्डमध्ये इंजिनिअरिंग शिकलेला. प्रचंड गुरुत्वाकर्षण असलेल्या ग्रहावरचा जीव बुटका आणि जमिनीला चिकटलेला असणार, असा त्याचा तर्क. त्यानुसार ब्लेसडेलनं शंकूच्या आकाराचा, रुंद बुडाचा, खेकड्यासारखे हात आणि सुळे असलेला प्राणी तयार केला आणि लाडानं त्याचं नाव ठेवलं ब्यूला. चित्रीकरणाच्या दिवशी नायिका बेव्हर्ली गार्लंड त्या प्राण्याशेजारी जाऊन उभी राहिली, वरून खाली त्याच्याकडे बघितलं आणि हाच का जग जिंकणार म्हणून त्याला लाथ मारली, ही आठवण कॉर्मन पुढे अनेकदा सांगत असे. जग जिंकणाऱ्याची उंची नायिकेपेक्षा जास्त हवी, हा धडा त्यानं त्या दिवशी घेतला आणि प्राणी उंच करून घेतला.

ब्यूलाकडे आज नीट बघितलं तर तिच्यात विचार दिसतो. डोळ्यांच्या वरच्या कपाळाच्या घड्या, तोंडाची वाकडी रेषा, आत बसलेल्या माणसानं हलवलेले हात. बाहेरून कुणी फेकून दिलेली वस्तू उचलून आणलेली नाही. आठवडाभराच्या तुटपुंज्या मजुरीवर एका जोडप्यानं ती घरात बसून केली आहे. त्याच वर्षी ब्लेसडेलनं ‘द शी-क्रीचर’साठी केलेला पोशाख इतका टिकाऊ निघाला की कंपनीनं तो किरकोळ बदल करून पुढच्या सिनेमांतही वापरला. १९५९च्या ‘घोस्ट ऑफ ड्रॅगस्ट्रिप हॉलो’मध्ये शेवटी भुताचा मुखवटा उतरतो आणि खाली खुद्द ब्लेसडेलचा चेहरा निघतो. इतकी वर्षं रबराखाली असलेला चेहरा प्रेक्षकांना त्या निमित्तानं दिसला. त्यानंतर लवकरच त्यानं हे काम सोडलं.

पोशाखात माणूस घातला की सिनेमा वाईट होतो, असा समज इथं होऊ नये. १९५४मध्ये तोक्योच्या तोहो स्टुडिओनं ‘गोजिरा’ काढला, तेव्हाही पैसा आणि वेळ यांचीच अडचण होती. स्पेशल इफेक्ट्स सांभाळणाऱ्या एजी त्सुबुराया यांना ‘किंग काँग’सारखं बाहुलं थोडंथोडं हलवत एकेक चौकटीचं चित्रण करायचं होतं, पण त्याला वर्षानुवर्षं लागली असती. म्हणून हारुओ नाकाजिमा या नटाला जड रबरी पोशाखात उभं केलं. मात्र त्सुबुराया यांनी कॅमेरा जलद चालवला, म्हणजे पडद्यावर राक्षसाची चाल संथ आणि वजनदार वाटेल. त्याच्या भोवती मोजूनमापून छोटं शहर उभारलं आणि रात्र निवडली. अणुबाँबच्या आठवणी ताज्या असलेल्या देशात तो सिनेमा शोकगीतासारखा उतरला. तंत्र तेच, तरी परिणाम वेगळा. फरक दिवसांचा होता. कॉर्मनकडे आठवडा-दोन आठवडे असायचे, टकरकडे चार दिवस होते आणि एवढ्या वेळात प्रकाश, कोन, वेग या गोष्टींवर दुसऱ्यांदा विचार करता येत नाही. पहिला विचार तसाच फिल्मवर उतरतो. स्वस्त राक्षसपटांचा ताजेपणा काही अंशी या पहिल्या विचारातच आहे.

कधी कधी तो पहिला विचार दुसऱ्याच देशातून येतो. कोलंबियाचा ‘द जायंट क्लॉ’ (१९५७) हा याचा नमुना. अंतराळातून आलेला युद्धनौकेएवढा पक्षी, ज्याच्याभोवती प्रतिद्रव्याचं कवच आहे आणि ज्यावर क्षेपणास्त्रांचा परिणाम होत नाही, अशी ही गोष्ट. निर्माता सॅम कॅट्झमन काटकसरीसाठी प्रसिद्ध. पक्ष्याचं काम मेक्सिकोत स्वस्तात करून घेतलं गेलं. इकडे नट मंडळी रिकाम्या आभाळाकडे बघून गंभीरपणे घाबरत राहिली. पक्षी कसा असेल, हे त्यांना माहीत नव्हतं. नायक जेफ मॉरोनं तो पहिल्यांदा पाहिला तो आपल्या गावच्या थिएटरात, ओळखीच्या लोकांमध्ये बसून. पडद्यावर लांब वाकडी मान, डोक्यावर केसांचा तुरा आणि बटबटीत डोळे घेऊन ते बाहुलं अवतरलं आणि थिएटर हास्यात बुडालं. मॉरो सिनेमा संपायच्या आत बाहेर पडला, असं त्यानंच नंतर सांगितलं. त्याच्या बाजूनं विचार केला तर ही शरमेची गोष्ट. पण आज तो सिनेमा पाहणाऱ्याला मॉरोचा अभिनय आवडतो तो याचमुळे. रिकाम्या आभाळाला त्यानं शंभर टक्के भीती दिली आहे. पक्षी फसला, माणूस फसला नाही.

टेक्सासमध्ये तर ड्राइव्ह-इनवाल्यांनी स्वतःच राक्षस पाळायला सुरुवात केली. गॉर्डन मॅकलेंडन हा रेडिओ स्टेशनांचा आणि थिएटरांचा मालक. आपल्या पडद्यांवर लावायला सिनेमे लागतात तर ते आपणच काढू, म्हणून त्यानं १९५९मध्ये डॅलसजवळ एकापाठोपाठ दोन सिनेमे काढले. ‘द जायंट गिला मॉन्स्टर’मध्ये खेळण्यातल्या गाड्या आणि छोट्या देखाव्यांतून खराखुरा सरडा सोडला. ‘द किलर श्रूज’मध्ये बेटावर अडकलेल्या माणसांच्या मागे महाकाय चिचुंद्र्या लागतात. या चिचुंद्र्या म्हणजे अंगावर झुलपं आणि तोंडात खोटे दात लावलेली कुत्री. ती आनंदानं शेपटी उडवत धावतात, हे लांबूनही कळतं. पण दिग्दर्शक रे केलॉग हा मोठ्या स्टुडिओत स्पेशल इफेक्ट्सचं काम केलेला मुरलेला माणूस होता. शेवटी वाचलेली माणसं लोखंडी पिंपं उलटी करून, ती एकमेकांना बांधून, आत बसून किनाऱ्याकडे सरकत जातात आणि चिचुंद्र्या बाहेरून पिंपांवर धडका देतात. त्या प्रसंगात श्वास अडकतो. कुत्री आहेत हे माहीत असूनही अडकतो. वाईट सिनेमाच्या पोटात असा एक अस्सल प्रसंग सापडणं, हे या छंदातलं मोठं सुख.

दिग्दर्शक एड वुडचं नाव न घेता हा विषय पुढे सरकत नाही. त्याचा ‘ब्राइड ऑफ द मॉन्स्टर’ (१९५५) मांसाच्या व्यापारातल्या एका माणसाच्या पैशांवर पुरा झाला. बदल्यात त्याच्या मुलाला नायकाची भूमिका मिळाली. सिनेमात एक रबरी ऑक्टोपस आहे, पण त्याचे हात हलवणारी मोटर चालू नव्हती. त्यामुळे ऑक्टोपसच्या मिठीत सापडलेल्याला त्याचे हात स्वतःच आपल्या अंगाभोवती गुंडाळून घ्यावे लागले. याच सिनेमात सत्तरी ओलांडलेला, व्यसनानं खंगलेला बेला लुगोसी आहे. एकेकाळी ‘ड्रॅक्युला’ (१९३१) म्हणून जगभर गाजलेला हा नट इथं देशोधडीला लागलेल्या शास्त्रज्ञाचं लांब स्वगत म्हणतो : घर नाही, देश नाही, जग आपल्याला वेडा समजतं. स्टेजवर पहिल्या रांगेसमोर बोलावं तसं तो ते बोलतो. ऑक्टोपसवर हसलेला प्रेक्षक इथं गप्प होतो. लुगोसी ऑगस्ट १९५६मध्ये वारला. वुडकडे त्याचं काही मिनिटांचं चित्रीकरण शिल्लक होतं. त्याभोवती त्यानं ‘प्लॅन नाइन फ्रॉम आउटर स्पेस’ रचला आणि उरलेल्या प्रसंगांत आपल्या बायकोच्या ओळखीच्या एका कायरोप्रॅक्टरला तोंडावर झगा धरून उभं केलं. या साऱ्याकडे फसवणूक म्हणून बघता येतं. पण मेलेल्या मित्राला आणखी एक सिनेमा मिळवून देण्याची धडपड म्हणूनही बघता येतं आणि हे दुसरं बघणं अधिक खरं वाटतं. टिम बर्टननं १९९४च्या ‘एड वुड’मध्ये तेच केलं, आणि लुगोसीच्या भूमिकेसाठी मार्टिन लँडाऊला ऑस्कर मिळालं.

या सिनेमांचा प्रेक्षक बदलला तो पुढे. ड्राइव्ह-इन ओसरली आणि हे सारे सिनेमे स्वस्तात टीव्ही केंद्रांकडे गेले. मध्यरात्री लागू लागले. १९७८मध्ये हॅरी आणि मायकल मेडवेड या भावांनी सर्वांत वाईट पन्नास सिनेमांवर एका सहलेखकाबरोबर पुस्तक काढलं, त्यात ‘रोबॉट मॉन्स्टर’ होता. १९८०च्या त्यांच्या दुसऱ्या पुस्तकात वाचकांच्या मतानं ‘प्लॅन नाइन’ला सर्वांत वाईट सिनेमाचा किताब मिळाला. किताब टिंगलीचा होता, परिणाम उलटा झाला : लोक तो सिनेमा शोधून बघू लागले. १९८८मध्ये मिनियापोलिसच्या एका स्थानिक वाहिनीवर जोएल हॉजसननं ‘मिस्टरी सायन्स थिएटर ३०००’ सुरू केलं. पडद्याच्या खालच्या बाजूला एक माणूस आणि दोन बाहुल्या-रोबॉट यांच्या काळ्या आकृत्या बसलेल्या असत आणि सिनेमा चालू असताना ते शेरे मारत. वाईट सिनेमा एकट्यानं बघायचा नसतो, हे त्या कार्यक्रमानं एका पिढीला शिकवलं. मात्र त्याचा एक तोटाही झाला. शेरा मारणं म्हणजेच आस्वाद, असं अनेकांना वाटू लागलं आणि सिनेमा शेऱ्यांखाली गाडला गेला.

यावर सर्वांत स्पष्ट विचार अमेरिकन लेखिका सुझन सॉन्टॅग यांनी १९६४च्या ‘कॅम्प’वरच्या, म्हणजे भडक आणि बेगडी गोष्टींच्या आस्वादावरच्या, निबंधात आधीच मांडून ठेवला होता. अजाणता घडलेलं आणि मुद्दाम घडवलेलं असे दोन प्रकार त्यांनी वेगळे केले, आणि अस्सल तो पहिलाच, असं म्हटलं. ज्यात गांभीर्य आहे, पण ते पेललं गेलेलं नाही, त्यातून हा आनंद येतो. राक्षसपटांना ही कसोटी लावली की बऱ्याच गोष्टी सुटतात. २०१३चा ‘शार्कनेडो’ वादळातून शार्क उडवतो आणि आपण किती वेडगळ आहोत हे प्रत्येक प्रसंगात सांगतो. पहिली काही मिनिटं गंमत वाटते. मग शोधायला काही उरत नाही. याउलट ‘ट्रोल टू’ (१९९०). इटालियन दिग्दर्शक क्लॉडिओ फ्रॅगासो युटा राज्यात आला, बरोबर इटालियन तंत्रज्ञ होते, स्थानिक हौशी नट घेतले. पटकथा रोसेला द्रुदीची; भोवतालच्या मित्रमंडळींनी शाकाहाराचा धरलेला आग्रह तिला खटकत होता, म्हणून तिनं माणसांचं वनस्पतीत रूपांतर करून त्यांना खाणारे शाकाहारी राक्षस लिहिले. संवादांचं इंग्रजी अवघडलेलं होतं, पण लिहिलं तसंच म्हणा, असा फ्रॅगासोचा हट्ट. सिनेमात नायकाच्या बापाचं काम करणारा जॉर्ज हार्डी व्यवसायानं दंतवैद्य होता. मुलाचं काम केलेल्या मायकल स्टीव्हन्सननं मोठं झाल्यावर २००९मध्ये ‘बेस्ट वर्स्ट मूव्ही’ हा माहितीपट केला. त्यात फ्रॅगासो आपल्या सिनेमाची बाजू पूर्ण गांभीर्यानं मांडताना दिसतो. कुटुंबावरचा, खाण्यावरचा, मरणावरचा सिनेमा आपण केला, असं तो मानतो. त्याच्या त्या विश्वासामुळेच ‘ट्रोल टू’ पुन्हा पुन्हा बघता येतो.

मराठी वाचकाला हा सगळा प्रकार परका वाटायचं कारण नाही. कराचीहून फाळणीनंतर मुंबईत आलेल्या एफ. यू. रामसे यांचं लॅमिंग्टन रोडला रेडिओचं दुकान होतं. त्यांनी सिनेमे काढले. १९७०चा ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’ आपटला, पण पृथ्वीराज कपूर भयंकर मुखवटा घालून चोरी करतात त्या प्रसंगाला थिएटरात लोक दचकतात, हे तुलसी आणि श्याम या मुलांच्या लक्षात आलं. मग अख्खा सिनेमा तसाच का करू नये? वडील राजी झाले. सात भावांनी कामं वाटून घेतली : कुमार पटकथेला, गंगू कॅमेऱ्याला, किरण ध्वनीला, अर्जुन संकलनाला, केशू निर्मितीला आणि कॅमेऱ्याला, तुलसी आणि श्याम दिग्दर्शनाला. सगळं बिऱ्हाड नटमंडळींसह महाबळेश्वरला गेलं, सरकारी विश्रामगृहात उतरलं आणि साधारण ३.५ लाख रुपयांत ‘दो गज जमीन के नीचे’ (१९७२) तयार झाला. पुढे ‘पुराना मंदिर’ (१९८४), ‘वीराना’ (१९८८), ‘बंद दरवाजा’ (१९९०) असे सिनेमे येत राहिले. मुरुडचा नवाबाचा राजवाडा त्यांच्या पडद्यावर पछाडलेली हवेली झाला. ‘पुराना मंदिर’मधला सामरी आणि ‘बंद दरवाजा’मधला नेवला या दोन्ही राक्षसांचं काम केलं अनिरुद्ध अग्रवाल यांनी. ते रुरकीला शिकलेले स्थापत्य अभियंते. उंच देह, लांबट चेहरा आणि खोल आवाज यांमुळे त्यांना फारसा रबर लागलाच नाही.

रामसेंच्या सिनेमांत मध्येच विनोदी उपकथानक शिरतं. हिरव्या-लाल दिव्यांनी एकच भिंत तीनदा वेगळी होते. धुराचं यंत्र थांबतच नाही. समीक्षकांनी त्यांना दारात उभं केलं नाही आणि मोठ्या शहरांतल्या चांगल्या थिएटरांनी फार जागा दिली नाही. छोट्या गावांनी मात्र त्यांचे पैसे वसूल करून दिले. १९९३पासून ‘झी हॉरर शो’नं त्यांना घराघरांत नेलं. आज महाराष्ट्रातल्या चाळिशी-पन्नाशीच्या माणसाला पांघरुणाच्या फटीतून बघितलेला एखादा रामसे प्रसंग आठवतोच. त्या वेळी भीती खरी होती, आज गंमत वाटते. दोन्हींच्या मुळाशी सात भावांची एकच मेहनत आहे.

हे सिनेमे बघावेत तरी कसे? पुण्यातल्या गणेशोत्सवात हलता देखावा बघायला गर्दी होते, तेव्हा लोक राक्षसाचा उठणारा हात बघतात आणि मागच्या बाजूनं डोकावून तो हात उचलणारी मोटर आणि दोरीही बघतात. एका बघण्यानं दुसरं उणं होत नाही. स्वस्त राक्षसपटाला हेच दुहेरी बघणं लागतं. गोष्ट गोष्ट म्हणून चालू द्यावी, आणि त्याच वेळी हे त्यांनी कसं केलं असेल, असा प्रश्न जागा ठेवावा. पाठीवरची चेन दिसली तर ती कुणी शिवली असेल, इथवर मन जायला हवं. तुकडे बघू नयेत. सिनेमा अख्खा बघावा. ऑक्टोपसचा प्रसंग एकटा बघितला तर फक्त हसू येतं, लुगोसीचं स्वगत त्याच्या आधी ऐकलेलं असेल तर दुसरं काहीतरी होतं. कंटाळवाणे भागही ढकलू नयेत. माणसं खोलीत बसून नुसतीच बोलत राहतात ते प्रसंग पैसे संपल्याची खूण असतात, आणि त्यानंतर राक्षस आला की तो किती महाग पडला असेल हे कळतं. शेरे जरूर मारावेत, पण संवाद ऐकू येतील एवढी जागा सोडून.

नव्यानं सुरुवात करणाऱ्यानं ‘द किलर श्रूज’पासून करावी, तो आटोपशीर आहे आणि पिंपांच्या प्रसंगापर्यंत सहज नेतो. मग ‘इट कॉन्कर्ड द वर्ल्ड’ आणि ‘द जायंट क्लॉ’ एकाच बैठकीत, एका तिकिटात दोन सिनेमे असल्यासारखे. त्यानंतर ‘ब्राइड ऑफ द मॉन्स्टर’, आणि तो आवडला तर लगेच बर्टनचा ‘एड वुड’. ‘ट्रोल टू’ आधी आणि ‘बेस्ट वर्स्ट मूव्ही’ नंतर, हा क्रम मोडू नये. ‘पुराना मंदिर’ रात्री, घरातल्या वडीलधाऱ्यांना बोलावून बघावा. तो पहिल्यांदा कुठल्या थिएटरात बघितला हे ते सांगू लागले की सिनेमा थोडा वेळ थांबवायला हरकत नाही. विक सॅव्हेजचा ‘द क्रीपिंग टेरर’ (१९६४) मात्र शेवटी ठेवावा. त्यातला राक्षस सतरंजीसारखा जमिनीवरून सरकतो, आत माणसं चालताना दिसतात, संवादांच्या जागी बराच वेळ निवेदक गोष्ट सांगत राहतो आणि बळी पडणाऱ्यांना राक्षसाच्या तोंडात स्वतःहून शिरावं लागतं. आधीचे सिनेमे पाहून झालेल्या माणसाला त्या शिरण्यात नटांचं सहकार्य दिसेल, आणि नृत्यगृहावरच्या हल्ल्याचा लांबलचक प्रसंग तो न ढकलता पुरा बघेल.